झेंडू काट्यावर उभा राहतो

आमच्याकडे येणारा पाहुणा कुणीही असो, पाणी प्यायच्या आधी त्याचा प्रश्न ठरलेला असतो: "बोलतो का हो हा?" नाही म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. झेंडू बोलत नाही. पण बोटावर येतो, काडीमागे चालतो, सांगितलं की गोल फिरतो, हॉलच्या दुसऱ्या टोकाहून हाकेसरशी उडत येतो आणि रोज सकाळी ओट्यावरच्या वजनकाट्यावर उभा राहून वजन देतो. शेवटचं ऐकून लोक हसतात. मला विचाराल तर त्याच्या सगळ्या करामतींत तीच खरी कामाची.

झेंडू हा कॉकाटील. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, काकाकुव्याच्या कुळातला सगळ्यांत लहान पक्षी. अंग राखाडी, पंखावर पांढरा पट्टा, तोंड पिवळं, दोन्ही गालांवर नारिंगी टिकल्या आणि डोक्यावर तुरा. टिकल्यांवरून लेकाने नाव ठेवलं. बँकेतल्या एका सहकारी बाईंची बदली झाली, नव्या जागेत पाखरू ठेवायची सोय नव्हती, म्हणून तो पिंजऱ्यासकट सांगलीला आमच्या घरी आला. सासूबाईंची समजूत होती की हिरवा पोपट येणार, त्यांच्या माहेरी होता तसा, विठू विठू करणारा. आपल्याकडचे पोपट, मुनिया वगैरे पिंजऱ्यात ठेवले तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा होतो, हे सांगितल्यावर म्हणाल्या, "मग आमच्या अण्णांना कसं कुणी धरलं नाही?"

"तेव्हा हा कायदा नव्हता, आई."

"बरं झालं. अण्णांनी पोपटासाठी भांडण काढलं असतं."

आल्याबरोबर काही शिकवायचं नाही, हे आधीच ठरवलं होतं. पिंजरा हॉलच्या कोपऱ्यात ठेवला, पाठीमागे भिंत येईल असा. चारी बाजूंनी उघड्यावर असलेलं पाखरू सारखं मागे वळून बघत राहतं, त्याला कुठून काय येईल याचा भरवसा नसतो. घरात नियम एकच केला, की पिंजऱ्यात उगाच हात घालायचा नाही. लेक पिंजऱ्याशेजारी बसून गृहपाठ करायचा, सासूबाई लसूण सोलायच्या. त्या काळात आम्ही त्याचा तुरा वाचायला शिकलो. ताठ उभा असेल तर तो दचकलाय. डोक्याला चिकटवून फिस्स आवाज काढत असेल तर मुकाट्याने लांब व्हायचं. मागे कललेला, सैल असेल तर मजेत आहे. संध्याकाळी तो पिसं फुलवून बसू लागला आणि झोपेच्या गुंगीत चोच करकर घासू लागला, तेव्हा समजलं की स्वारी रुळली.

मग प्रश्न आला खाऊचा. सगळे सूर्यफुलाच्या बिया सांगतात. त्या त्याला आवडतात यात वाद नाही, पण एक बी चोचीत घेऊन, फिरवून, टरफल काढून खाईपर्यंत तो सगळं विसरतो आणि आपणही. शिवाय त्यात तेल भरपूर, लठ्ठपणा ठेवलेला. राळे बरे. दाणा बारीक, चटकन सोलून होतो, लगेच मान वर. म्हणून राळे रोजच्या वाटीतून काढून टाकले आणि फक्त शिकवणीच्या वेळेला ठेवले. कोथिंबिरीची काडीही त्याला फार प्रिय, पण ती हातात दिसली की तो बाकी काही ऐकून घेत नाही. उपाशी ठेवून शिकवावं असं काहीजण सुचवतात. मला ते पटत नाही आणि गरजही पडली नाही. सकाळची वाटी भरायच्या आधी बसलं की पुरेशी भूक असते.

दुसरी वस्तू लागली बॉलपेन. दाबल्यावर टिक वाजणारं, साधं. टिक वाजवायची, राळ्याचा दाणा द्यायचा. काही करून घ्यायचं नाही, नुसतं टिक आणि दाणा. पहिल्यांदा त्या आवाजानेही तो दचकला, म्हणून पेन रुमालात धरून वाजवलं. काही दिवसांत टिक झाली की तो आपणहून माझ्या बोटांकडे बघायला लागला.

हे पेन कशाला, हे घरात कुणालाच कळत नव्हतं. "दाणाच दे की सरळ," असं सासूबाईंचं म्हणणं. अडचण अशी आहे की दाणा माझ्या चिमटीतून त्याच्या चोचीपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात हे पाखरू मान झटकतं, पाय बदलतं, शेजारच्या तारेला चावतं. दाणा पोचला त्या क्षणी तो जे करत होता, त्याचंच बक्षीस मिळालं असं तो धरून चालतो. टिक मात्र नेमक्या क्षणी वाजवता येते. डॉल्फिनना शिकवणारे शिट्टी वापरतात त्याचं कारणही हेच, पाण्यातल्या माशाला उडी मारता मारता खाऊ कसा भरवणार? (डॉल्फिन मासा नाही, हे लेकाने वाचता वाचता लगेच सांगितलं. बरं.)

पहिला धडा काडीचा. आईस्क्रीमची लाकडी काडी पिंजऱ्याच्या गजांमधून थोडी आत धरायची. त्याने तिच्याकडे बघितलं, टिक. मान तिच्याकडे नेली, टिक. एक पाऊल सरकला, टिक. शेवटी चोच टोकाला लावली, तेव्हा टिक आणि एकदम दोन-तीन दाणे. याला टार्गेट म्हणतात आणि पुढचं सगळं यावरच उभं राहतं. एकदा का त्याला कळलं की टोकाला चोच लावली की काम होतं, मग काडी जिकडे तिकडे तो. दांडीच्या या टोकाहून त्या टोकाला, खालून वर, दारातून बाहेर. काडी चावून तिचे तुकडे करणं हा त्याचा स्वतंत्र छंद होता, त्यामुळे डबाभर काड्या लागल्या आणि त्या जमवण्यासाठी लेकाला आईस्क्रीम खाण्याचं पवित्र कारण मिळालं.

बोटावर घेण्याची जुनी रीत म्हणजे बोट त्याच्या पोटाला लावून हलकं दाबायचं, मग तोल सावरायला तो पाय वर टाकतोच. लागू पडते. पण त्यात त्याची मर्जी नाही, आणि मर्जी नसलेलं पाखरू पुढे कधीतरी चोच मारून हिशेब चुकता करतं. मी बोट आडवं धरलं, काडी बोटाच्या पलीकडे. काडीपर्यंत पोचायचं तर बोटावरूनच जावं लागेल. तो आला, थांबला आणि आधी चोचीने माझं बोट पकडून बघितलं. बहुतेक लोक इथेच हात मागे घेतात, चावला म्हणून. तो चावत नसतो. नवी फांदी वजन पेलेल का, हे ही पाखरं चोचीने चाचपतात, चोच म्हणजे त्यांचा तिसरा हात. हात हलला तर फांदी कच्ची निघाली आणि चोच लावली की माणूस पळतो, असे दोन धडे त्याला एकाच वेळी मिळतात. मी हात तसाच ठेवला. मग एक पाय आला. दोन बोटं पुढे, दोन मागे, अशी त्यांच्या पायाची ठेवण असते, त्यामुळे पकड चारी बाजूंनी येते. पाय अपेक्षेपेक्षा गरम होता आणि नखं बारीक टोचत होती. दुसरा पाय दांडीवरच. एवढ्यावर मी टिक वाजवली. दोन्ही पायांची घाई केली नाही.

गोल फिरणं त्या मानाने सोपं. काडी त्याच्या डोक्याभोवती फिरवत न्यायची, आधी पाव, मग अर्धा, मग पुरा. पुढे काडी काढून नुसतं बोट फिरवायचं. पण इथे एक गंमत झाली. झेंडू फिरायच्या आधी डावा पाय उचलून हवेत धरायला लागला. कुणी शिकवलं नव्हतं. पाय उचल, थोडा वेळ धर, ठेव, मग गिरकी. कधीतरी गिरकीच्या सुरुवातीला पाय वर असताना टिक वाजली असणार आणि त्याने ते मंत्रासारखं धरून ठेवलं.

हे वाचलेलं होतं, डोळ्यांसमोर बघायला मिळालं. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये कबुतरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. आठ भुकेली कबुतरं पिंजऱ्यात ठेवली आणि ती काहीही करोत, ठरावीक वेळाने दाणे देत राहिले. आठांतली सहा काही ना काही विधी करायला लागली. एक स्वतःभोवती फिरत राहिलं, एक मान वरच्या कोपऱ्यात खुपसत राहिलं. दाणे येण्याच्या सुमारास जे करत होतं, त्यानेच दाणे आले अशी जणू प्रत्येकाची श्रद्धा. स्किनरनी त्याला अंधश्रद्धाच म्हटलं. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आपल्यात तरी दुसरं काय चालतं?" आणि हसून उपासाची साबुदाणा खिचडी परतायला गेल्या.

आठवडी बाजारात चिठ्ठी काढणारा पोपट घेऊन बसलेला ज्योतिषी माझ्या पिढीने पाहिलाय. पिंजऱ्याचं दार उघडायचं, पोपट रांगेतून एक पाकीट ओढून द्यायचा, दाणा घेऊन परत आत. लहानपणी मी भविष्याकडे बघायचे. आज बघायला मिळालं तर त्या माणसाच्या हाताकडे बघेन, दाणा नक्की केव्हा देतो ते. कौशल्य अस्सल होतं, फक्त पोपटाची पिसं कापलेली असत आणि त्याला विचारणारं कुणी नव्हतं.

झेंडूचे पंख आम्ही कापले नाहीत, म्हणून हाकेला येणं शिकवणं भागच होतं. आपल्या घरात पाळलेल्या पाखराचा मोठा वैरी म्हणजे छताचा पंखा. सांगलीच्या एप्रिलमध्ये पंखा बंद ठेवून बसायचं म्हणजे घामाच्या धारा, म्हणून शिकवणी पहाटेची. लेकाने पंख्याच्या बटणावर लाल चिकटपट्टी लावून ठेवलीय. झेंडू बाहेर असताना ती काढायची नाही. खिडक्या बंद, आरशावर टॉवेल, कारण काच त्यांना कळत नाही. गॅसवर नॉनस्टिक तवा तर बिलकूल नाही. तो तवा फार तापला की त्याच्या मुलाम्यातून निघणारा वायू पाखरांना बघता बघता मारतो, आणि माणसाला तेवढा जाणवतही नाही. आमच्याकडे आता डोसे बिडाच्या तव्यावर होतात. पहिले दोन-तीन चिकटतात.

हाक म्हणजे दोन सुरांची शिट्टी, खालून वर जाणारी. आधी एका पावलाच्या अंतरावरून, मग हातभर, मग टेबलापासून सोफ्यापर्यंत. अंतर वाढवलं आणि तो आला नाही, तर पुन्हा जवळ यायचं, ओरडायचं नाही. तो पडद्याच्या दांडीवर बसून माझ्याकडे बघत राहिला तर तेवढ्यावर शिकवणी संपते. पाच मिनिटांच्या वर मी कधी ताणत नाही, त्याला अजून हवंसं वाटत असतानाच थांबते. पिसं गळायचे दिवस असले की त्याचा मूड फारच वाईट असतो, तेव्हा काडी डब्यातच.

आता काटा. पाखरं आजार लपवतात. रानात अशक्त दिसलेलं पाखरू शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतं, म्हणून अगदी जाईपर्यंत ती दांडीवर ताठ बसून राहतात. पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेलं दिसतं तेव्हा बहुतेकदा उशीर झालेला असतो. त्याआधी कमी होतं ते वजन, आणि ते पिसांखाली दिसत नाही. त्यात आमच्या भागात जनावरांचे डॉक्टर गाई-म्हशींत मुरलेले, पाखरं बघणारा डॉक्टर गाठायचा म्हणजे प्रवास. कॉकाटीलचं वजन साधारण ८० ते १०० ग्रॅम. त्यातले दहा टक्के एकदम उतरले तर डॉक्टर गाठायचा, असा ढोबळ नियम.

ओट्यावरचा डिजिटल काटा त्याला अजिबात मान्य नव्हता. काच निसरडी, आणि बटण दाबलं की पीप आवाज. तुरा ताठ. म्हणून काटा बंद करून नुसता टेबलावर ठेवून दिला, त्याच्या रोजच्या वाटेवर. तो लांबून वळसा घालून जायचा. मग काट्याच्या कडेला राळ्याचे दाणे. मग काडी काट्याच्या वर धरलेली. एक पाय वर आला, टिक. काचेवर नखं सरकतात हे कळल्यावर लेकाने जुन्या खेळण्यातली एक बुटकी लाकडी दांडी वर ठेवली, वजन शून्यावर आणलं आणि तिथून गाडी सुटली. पीप आवाजाची सवय लावायला दुसऱ्या खोलीत काटा चालू करून आधी दुरून ऐकवला. शेवटचा अडथळा असा, की तो चढायचा, दाणा घ्यायचा आणि आकडा स्थिर व्हायच्या आत उतरायचा. म्हणून टिक लांबवत नेली. आधी क्षणभर, मग आणखी थोडी. आता तो दांडीवर चढतो, मान तिरकी करून आकडा बदलतो तिकडे बघतो (त्याला काय दिसतं देव जाणे) आणि टिक होईपर्यंत हलत नाही. आकडा फ्रीजवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी.

याचा उपयोग एकदाच झाला, पण पुरेसा झाला. लग्नासाठी आम्ही गावी गेलो होतो, झेंडूचं दाणापाणी ओळखीतल्या एकांवर सोपवलं होतं. परत आलो तर पाखरू मजेत, शिट्ट्या घालतंय, वाटी भरलेली. काट्यावर मात्र ९४ चे ८६ झालेले. वाटीत फुंकर मारली तर वरचा सगळा थर उडून गेला. नुसती टरफलं. ही पाखरं दाणा सोलून टरफल तिथेच टाकतात, त्यामुळे रिकामी वाटी काठोकाठ भरलेली दिसते. सांभाळणाऱ्याचा काही दोष नाही, कुणालाही भरलेलीच वाटली असती. दोन-तीन दिवसांत वजन परत वर आलं. काटा नसता तर आम्हीही त्या वाटीकडे बघून निर्धास्त राहिलो असतो.

तर मग बोलण्याचं काय? कॉकाटीलचे नर शिट्ट्यांत हुशार, शब्दांत बेताचे. शब्दांसाठी आफ्रिकेचा राखाडी पोपट. आयरीन पेपरबर्ग या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७७ मध्ये दुकानातून घेतलेला अ‍ॅलेक्स नावाचा असा पोपट शंभरेक शब्द वापरायचा आणि वस्तूंचे रंग, आकार, संख्या सांगायचा. तीस वर्षं त्यांनी त्याच्यासोबत काम केलं. आमच्या स्वारीने न शिकवता उचलला तो कुकर. शिट्टीच्या आधीचा फुस्स आवाजसुद्धा. सासूबाई हॉलमध्ये बसून शिट्ट्या मोजतात आणि तिसरीला लेकाला गॅस बंद करायला सांगतात. डाळ दोनदा कच्ची राहिली तेव्हा एक शिट्टी पिंजऱ्यातून येते हे उघड झालं. "अरे भामट्या," म्हणून त्या जोरात हसल्या, आणि ते हसणं म्हणजे त्याला दाण्याहून मोठं बक्षीस होतं. आता तो कुकर चढायच्या आधीच वाजतो. सकाळी घंटागाडीचं गाणंही अर्धं म्हणतो, तेवढ्यात शेजारच्या वहिनी डबा घेऊन खाली जाऊन आल्या आहेत.

रिंग खुंटीवर अडकवणं मात्र जमलं नाही. रिंग चोचीत घेईपर्यंत सगळं ठीक, पण नेऊन कुठे ठेवायची ही कल्पनाच त्याला रुचत नाही. तो ती चघळतो आणि आहे तिथे टाकतो. रस्त्यावरचे खेळवाले पूर्वी सुगरण पक्ष्याला मणी ओवायला आणि नाणं आणून द्यायला शिकवत. पण सुगरण जन्मभर काड्या वाहून विणते, चोचीने नेणं-आणणं तिच्या अंगातच आहे. झेंडूचे भाऊबंद जमिनीवर फिरून बिया टिपणारे. स्किनर यांच्याच हाताखाली शिकलेल्या ब्रेलंड पती-पत्नींनी हजारो प्राण्यांना खेळ शिकवले आणि १९६१ मध्ये आपल्या फसलेल्या शिकवण्यांवर लेख लिहिला. त्यात एक राकून (अमेरिकेतला एक रानटी प्राणी) आहे, डब्यात दोन नाणी टाकायची सोडून तो ती एकमेकांवर घासतच बसायचा, खाण्याची वस्तू घासावी तशी. तो लेख वाचला आणि रिंग खेळण्याच्या खोक्यात परत टाकली. लेक हट्टाने अजून अधूनमधून काढतो.

सध्या चाललंय ते प्रवासाच्या पेटीचं. दिवाळीत आमच्या गल्लीत फटाके बेसुमार. कॉकाटील अंधारात दचकलं की पिंजऱ्यात वेडंवाकडं फडफडतं, पिसं मोडून रक्तसुद्धा येतं. एरवी पाल सरपटली तरी होतं, म्हणून रात्री पिंजऱ्याजवळ झिरोचा दिवा असतोच. या वर्षी त्याला दिवाळीपुरतं नणंदेच्या मळ्यावर न्यायचंय आणि पकडून पेटीत कोंबायचं नाही. पेटी हॉलमध्ये उघडी ठेवलीय, वरचं झाकण काढून, आत त्याची नेहमीची दांडी. काडी आत नेली की मान आत जाते, तुरा झोपतो, पाय उंबऱ्यावरच राहतात. काल एक पाय आत पडला, मी टिक वाजवली, दाणा दिला आणि पेटी तिथेच ठेवून कामाला लागले. दिवाळीला अजून अवकाश आहे.